मार दुप्पट, धक्का चौपट

मोठ्या जनावरासाठी मोठी गोळी, हा विचार इतका सरळ वाटतो की त्यावर शंका घ्यावी असं सहसा कोणाच्या मनात येत नाही. पूर्ण वाढलेला गवा हजार किलोंच्या घरात जातो, खांद्यापाशी माणसाच्या उंचीला भिडतो आणि त्याच्या पुढच्या फऱ्याचं हाड नि मांस भेदणं सोपं नसतं. तेव्हा मिळेल तितकं जबर काडतूस घ्यावं, उरलं तर उरलं, कमी पडायला नको, असा हिशेब आपण घालतो. या हिशेबात अर्धं सत्य आहे. उरलेल्या अर्ध्यापायी मात्र हिंदुस्थानच्या रानात कितीतरी जनावरं पोटात नाहीतर जबड्यात गोळी घेऊन दिवसचे दिवस तडफडून मेली, आणि जी वाचली त्यांतली काही माणसांवर उलटली. माझं म्हणणं असं की काडतुसाच्या ताकदीला दोन मर्यादा असतात. खालची मर्यादा जनावर ठरवतं आणि वरची मर्यादा बंदूक धरणाऱ्याचा खांदा ठरवतो. या दोहोंमध्ये जागा असेल तिथेच योग्य काडतूस सापडतं, आणि जागाच नसेल तर त्या माणसाने त्या जनावरावर बंदूक रोखू नये. पुणेकरांना हा विषय परका वाटण्याचं कारण नाही. काडतुसं बनवणारा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून इथे आहे, शस्त्रांचे आराखडे करणारी ‘एआरडीई’ पाषाणला आहे, आणि देशातले नावाजलेले नेमबाज बालेवाडीत घडतात.

काडतूस म्हणजे पितळेचं नळकांडं, त्याच्या तळाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारूचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो. जितका जोर पुढे, तितकाच मागे. त्यातून सुटका नाही. मात्र हा मागचा जोर खांद्याला किती जाणवेल, याचं गणित मोठं विलक्षण आहे. आपल्या पोलिसांच्या हातात कित्येक वर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री घ्या. तिची गोळी ११.३ ग्रॅमची असते, ती सेकंदाला सुमारे ७४५ मीटर वेगाने निघते आणि तिच्यात साधारण ३,१०० ज्यूल ऊर्जा असते. आता वाघ, गवा, हत्ती यांच्यासाठी नावाजलेली ४७० नायट्रो एक्सप्रेस घ्या. गोळी ३२.४ ग्रॅमची, वेग सुमारे ६५५ मीटर, ऊर्जा जवळजवळ ७,००० ज्यूल. म्हणजे जनावरावरचा मार दुपटीहून थोडा अधिक झाला. धक्क्याचं काय होतं? चार किलोची थ्री-नॉट-थ्री मागे येते ती अंदाजे १७ ज्यूल ऊर्जेने. पाच किलोची दुनळी ४७० मागे येते ती ७० ज्यूलच्या आसपास. बंदुकीचं वजन किलोभर वाढवूनही धक्का चौपट झाला. कारण बंदूक मागे येण्याचा वेग गोळीच्या आणि वायूच्या एकत्रित रेट्यावर ठरतो, आणि धक्क्याची ऊर्जा त्या वेगाच्या वर्गाने वाढते. आकड्यांनी अंगावर काटा येत नसेल तर असं पाहा, की थ्री-नॉट-थ्रीचा धक्का म्हणजे तीच रायफल जेमतेम दीड फुटावरून खांद्यावर पडणं, तर ४७० चा धक्का म्हणजे पाच किलोची बंदूक जवळपास दीड मीटर उंचीवरून खांद्यावर आदळणं. आणि दुनळी असल्याने लगेच दुसरा बार काढायचा असतो.

इतक्या दांडग्या बंदुका मुळात आल्या त्या नाइलाजातून. एकोणिसाव्या शतकातली काळी दारू गोळीला एका मर्यादेपलीकडे वेग देऊ शकत नसे. वेग वाढवता येत नाही म्हटल्यावर वजन वाढवणं एवढाच मार्ग उरला. पाव पौंडाचा शिशाचा गोळा फेकणाऱ्या बंदुका हत्तीवर चालवल्या जात. सॅम्युअल बेकर या इंग्रज शिकाऱ्याकडे तर ‘बेबी’ नावाची नऊ किलोंची बंदूक होती आणि ती अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा टाकी. ती झाडली की आपण जागच्या जागी गरकन फिरतो, असं बेकरने लिहून ठेवलं आहे, आणि धिप्पाड, रांगडा म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस ती वापरायला कचरत असे. शस्त्राची ताकद माणसाच्या वरच्या मर्यादेला पोचली की काय होतं, याचा हा स्वच्छ पुरावा आहे. घेतलेलं हत्यार कोपऱ्यात पडून राहतं.

१८९० च्या आसपास कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली आणि चित्र पालटलं. १८९८ मध्ये रिग्बी कंपनीने ४५० नायट्रो एक्सप्रेस बाजारात आणलं. जुन्या बंदुकीच्या निम्म्या वजनाची दुनळी आता हत्तीच्या कवटीत गोळी पोचवू लागली. पुढे जे झालं ते हिंदुस्थानामुळे झालं, आणि ते मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकं वाटतं. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीची गोळी ४५० च्याच मापाची होती. बंडखोरांच्या हाती त्या रायफली होत्या. शिकारीच्या नावाखाली आलेल्या गोळ्या त्यांच्यापर्यंत पोचतील या धास्तीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात या मापावर बंदी घातली. इंग्लंडमधल्या बंदूकवाल्यांचं गिऱ्हाईकच गेलं. त्यांनी लगोलग ४६५, ४७०, ४७५ अशी थोडीशी जाड मापं काढली. आज जगभरात दिमाखाने मिरवणारं ४७० हे गव्याच्या हाडाचा अभ्यास करून ठरलेलं माप नाही. ते एका सरकारी बंदीला दिलेलं उत्तर आहे. लष्करी माप नागरिकाला नाही, हे सूत्र स्वतंत्र भारतातही टिकलं. थ्री-नॉट-थ्री सामान्य परवान्यावर मिळत नाही. त्याऐवजी इथल्या परवानाधारकाला ठाऊक आहे ती ३१५ ची रायफल, जिचं काडतूस मॅनलिखर या जुन्या ऑस्ट्रियन लष्करी काडतुसावर बेतलेलं आहे आणि खडकीत बनतं. ताकदीला ते थ्री-नॉट-थ्रीच्या तोडीचं. म्हणजे काडतुसाची निवड ही कधीच केवळ शिकाऱ्याची आणि जनावराची गोष्ट नव्हती. कायदा, बाजार आणि प्रतिष्ठा तिघेही त्यात बसलेले होते.

आता खांद्याकडे येऊ, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे. धक्क्याने बंदूक उडते आणि म्हणून नेम चुकतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात गोळी नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ४७० सारखी बंदूकसुद्धा मागे सरकते ती चार-पाच मिलिमीटर. तेवढं सरकणं प्रत्येक बाराला सारखंच असतं आणि बंदूक बनवणारा ते धरूनच नेमाची माशी बसवतो. खांद्याला जो दणका जाणवतो तो गोळी निघून गेल्यानंतर. म्हणजे नेम धक्क्याने चुकत नाही, धक्क्याच्या भीतीने चुकतो. दोन-चार बार खाल्ल्यावर शरीर शिकतं की चाप ओढला की मार बसणार. मग चाप ओढण्याच्या क्षणाआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे रेटला जातो, मनगट खाली झुकतं, बोट चापावर हिसका देतं. हे ठरवून होत नाही, आणि होतंय हे त्या माणसाला कळतही नाही, कारण पाठोपाठ येणारा स्फोट सगळं झाकून टाकतो. नळीवरच्या दोन्ही नेमांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर धरलं आणि माशी फक्त एक मिलिमीटर खाली गेली, तर शंभर मीटरवर गोळी जवळपास १७ सेंटिमीटर खाली लागते. हृदयाऐवजी पायाचं हाड किंवा छातीखालची कातडी. एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीहून फार नाही. बिचकणाऱ्या माणसाची माशी त्याच्या कितीतरी पट हलते.

म्हणूनच जगातले दोन सर्वांत नावाजलेले शिकारी हलक्या काडतुसाकडे वळले यात मला नवल वाटत नाही. आफ्रिकेत हजारावर हत्ती मारणाऱ्या डब्ल्यू. डी. एम. बेलने त्यांतले बहुतेक ७ मिलिमीटर माउझरच्या काडतुसाने मारले. मेलेल्या हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने अभ्यास केला होता. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली तेव्हा त्याला जी रिग्बी रायफल बक्षीस मिळाली ती २७५ मापाची, म्हणजे दुसऱ्या नावाने तेच ७ मिलिमीटर माउझर. त्या वाघिणीने ४३६ माणसं मारल्याचं सांगितलं जातं. तिच्या तोंडात कॉर्बेटला काय दिसलं हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते, आणि ते कोणाच्या तरी जुन्या गोळीने मोडलेले होते. आपलं नेहमीचं भक्ष्य पकडणं तिला त्यामुळे अशक्य झालं, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता. ती गोळी कोणत्या मापाची होती हे महत्त्वाचं नाही. ती चुकीच्या जागी लागली एवढं पुरेसं झालं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बेल आणि कॉर्बेट असामान्य होते, साधारण माणसाचा नेम थोडा इकडेतिकडे होणारच, आणि मोठी गोळी ती चूक भरून काढते. ऐकायला हे पटतं. पण जनावर मरतं ते मेंदू, मज्जारज्जू, हृदय, फुप्फुसं यांपैकी काही निकामी झाल्याने. पोटात लागलेली ४७० ची गोळी हरणाला कदाचित जागेवर पाडेल, गव्याला नाही. तो रक्ताचा माग ठेवत काही मैल जाईल आणि दाट कारवीत वळून उभा राहील. शिवाय गोळी आत किती शिरते हे केवळ जोरावर ठरत नाही. तिची लांबी, जाडीच्या मानाने वजन आणि बांधणी या गोष्टी तितक्याच मोलाच्या. मऊ टोकाची गोळी शरीरात फुलते, जखम रुंद करते, आणि वाघ-बिबळ्यासारख्या पातळ कातडीच्या जनावराला ती योग्य. गव्याच्या फऱ्यावर तीच गोळी वरच्यावर फुटून राहील. तिथे संपूर्ण कवच असलेली, आकार न सोडणारी गोळी हवी. बेलच्या लांब, सडपातळ गोळ्या अशाच होत्या. ताकद दुप्पट केली पण गोळी चुकीची निवडली, तर सगळा जोर कातडीखाली चार बोटांवर संपतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्यातलं तथ्य मला मान्य आहे. जनावर शांत उभं असताना हलकं काडतूस पुरतं, पण जखमी गवा वीस पावलांवरून अंगावर येत असेल तेव्हा काय? तेव्हा कोन निवडायला सवड नसते. मेंदू थोडक्यात हुकला तरी जनावराला गुडघ्यावर आणेल एवढा आघात हवा असतो, आणि तो आघात जड गोळीच देऊ शकते. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांनी धोकादायक जनावरांसाठी ३७५ च्या आसपासचं किमान माप कायद्यानेच ठरवलं आहे, ते याच अनुभवातून. बेलची नक्कल दाट झाडीत कोणी करू नये. खालची मर्यादा खरी आहे असं मी सुरुवातीलाच म्हटलं ते यासाठी. १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडने काढलेलं ३७५ मॅग्नम शंभर वर्षांनंतरही टिकून आहे, कारण ते या मर्यादेच्या थोडं वर आहे आणि सरावलेल्या माणसाच्या खांद्याच्या मर्यादेखाली. त्यापुढे जाण्याची हौस संपली नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत ४६० वेदरबी आलं, ज्याचा धक्का ४७० च्याही बराच वर जातो. असं काडतूस पेलणारी माणसं असतील. पण ते विकत घेणाऱ्यांच्या तुलनेत ती फार थोडी असणार, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

धक्का कमी करता येत नाही का? येतो, पण प्रत्येक उपायाची किंमत आहे. बंदूक जड केली की धक्का उतरतो. मात्र ती दिवसभर सह्याद्रीच्या चढउतारावर वागवायची असते आणि दमलेल्या हातातली जड बंदूक स्थिर राहत नाही. नळीच्या तोंडाला छिद्रांचा ब्रेक बसवला तर वायू बाजूला फेकला जातो आणि धक्का चांगलाच घटतो, पण शेजारी उभ्या असलेल्या वाटाड्याच्या कानठळ्या बसतात. कुंद्याला रबराची गादी लावली तर तोच जोर थोडा अधिक वेळात आणि अधिक जागेवर पसरतो. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सगळ्यांत दुर्लक्षित उपाय, कुंद्याचं माप. कुंदा हाताच्या लांबीला जुळत नसेल, त्याची वरची कड गालाला नीट टेकत नसेल, तर मध्यम काडतूसही गालफड सुजवतं. नीट बसलेल्या कुंद्याने तोच धक्का सरळ खांद्यात जातो. अंगस्थितीचंही तसंच. किंचित पुढे झुकून उभं राहिलं तर शरीर मागे डोलतं आणि जोर जिरतो. पालथं पडून बार काढला तर शरीराला मागे जायला जागाच नसते, सारा मार गळ्याजवळच्या हाडावर येतो. सराव करायचा तो हलक्या काडतुसाने, कानांवर दुहेरी संरक्षण घेऊन, कारण निम्मी भीती आवाजाची असते. आणि बिचकणं पकडायची जुनी रीत अशी, की दुसऱ्या कोणीतरी रायफल भरून द्यायची आणि खऱ्या काडतुसांत मध्येच एखादं पोकळ घालायचं. चाप ओढला, बार झाला नाही, तरी नळी खाली झुकली, की दोष कोणाचा ते लख्ख दिसतं.

बालेवाडीत जे शिकवलं जातं त्याचा गाभा हाच आहे. पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे ५० मीटरवर ज्या लक्ष्याचा वेध घेतो, त्याचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. त्याची पॉइंट टू-टू रायफल धक्का असा देतच नाही. तरीही श्वास, बोट आणि बार झाल्यानंतरचा एक स्थिर क्षण यांवर वर्षानुवर्षं मेहनत चालते, कारण बिचकायला धक्काच लागतो असं नाही, अपेक्षाही पुरते. स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्याच तालुक्यातलं दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं आणि १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. नेमबाजीची कला रानातून मैदानात आली तेव्हा काडतूस लहान झालं आणि नेम बारीक झाला.

कोणी म्हणेल, लष्कराने तर उलटा प्रवास केला. पाषाणच्या ‘एआरडीई’ने आखलेली ५.५६ मिलिमीटरची इन्सास सोडून २०१९ मध्ये लष्कराने ७.६२ × ५१ मापाच्या ७२,४०० सिग रायफली मागवल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच संस्थेने त्याच मोठ्या मापाची ‘उग्रम’ पुण्यात सादर केली. मग ताकदच शेवटी जिंकली ना? इन्सासचा धक्का जुन्या ७.६२ च्या सुमारे चौथा हिस्सा होता आणि काडतूस निम्म्या वजनाचं, त्यामुळे जवान दुप्पट गोळ्या नेऊ शकत होता. डोंगराळ सीमेवर लांबच्या माऱ्याला मात्र ती गोळी कमी पडते अशी तक्रार होती. म्हणजे कामाने खालची मर्यादा वर उचलली. पण त्याच वेळी इतर तुकड्यांसाठी एके-२०३ निवडली गेली, जिचं काडतूस या दोहोंच्या मधलं आहे. सरसकट सर्वांत जबर हत्यार सर्वांच्या हाती, असा निर्णय झालेला नाही.

राहता राहिला सर्वांत सरळ प्रश्न. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली, तर या चर्चेचं प्रयोजन काय? शिकार बंद झाली हे उत्तमच झालं, पण गोळी झाडण्याची वेळ पूर्ण टळलेली नाही. माणसाच्या जिवाला धोका असलेलं जनावर पकडणं, बेशुद्ध करणं वा हलवणं अशक्य ठरलं तरच त्याला मारण्याची परवानगी कायद्याचं ११ वं कलम देतं. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळमध्ये हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. आणि पुण्यात तो ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत येऊन उभा राहिला, गव्याच्या रूपात. बघ्यांच्या गर्दीने भेदरून तो तास न् तास गल्ल्यांतून धावला, शेवटी भुलीचं इंजेक्शन देऊन त्याला पकडलं गेलं आणि काही वेळातच तो मेला. भुलीची बंदूकही याच नियमाने चालते. तिचा दाब अंतर पाहून ठरवावा लागतो. दाब कमी पडला तर सुई कातडीत शिरत नाही, जास्त झाला तर ती मांसात खोल घुसून हाडापर्यंत इजा करते. धावून धावून तापलेल्या, घाबरलेल्या जनावराला तर अचूक बसलेली योग्य मात्राही झेपेल याची हमी नसते. म्हणजे इथेही प्रश्न किती जोराचा नाही, किती नेमक्या मापाचा आणि कोणत्या वेळी याचा आहे.

तेव्हा वनखात्याच्या बचाव पथकांना कोणती रायफल द्यावी, या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. ती ज्याच्या हाती द्यायची त्याने गेल्या वर्षभरात त्याच रायफलीने, त्याच काडतुसाने, उभं राहून, पन्नास मीटरवर ताटलीएवढ्या लक्ष्यात लागोपाठ किती गोळ्या घातल्या? असा नेम दरवर्षी तपासावा, भुलीच्या बंदुकीचाही तपासावा, आणि जो उतरणार नाही त्याच्या हाती त्या वर्षी ते हत्यार देऊ नये. पुण्यात त्यासाठी लागणारी मैदानं, प्रशिक्षक आणि काडतुसांचा कारखाना तीनही गोष्टी आहेत. कोथरूडनंतर तेराच दिवसांनी, २२ डिसेंबरला, बावधनजवळ दुसरा गवा दिसला. त्या वेळी गर्दीला दूर ठेवण्यात आलं, वाट मोकळी केली गेली, आणि एकही बार न काढता तो परत रानाकडे गेला.